देवळ्याचा गेम आणि इंदिरानगरातलं खोकं

मी तिसरीत असताना मला कांजिण्या आल्या आणि तीन आठवडे घरात बसावं लागलं. नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती. टीव्हीवर दुपारी काही नसायचं आणि मी खाजवू नये म्हणून आईने माझ्या हातात जुने मोजे चढवले होते. तेव्हा बाबांच्या कारखान्यातल्या एका माणसाचा मेहुणा मस्कतहून आला होता. त्याने आणलेल्या वस्तूंमधून बाबांनी माझ्यासाठी हातात धरून खेळायचा एक जपानी व्हिडिओ गेम घेतला.

गेम तळहाताएवढा होता. समोर चंदेरी पत्रा, मधे करड्या काचेचा छोटा पडदा, दोन्ही बाजूंना एकेक बटण. पडद्यावर टोपी घातलेला एक माणूस टोपली घेऊन झाडाखाली उभा असे. झाडावरून गोल गोल काहीतरी पडे आणि ते टोपलीत झेलायचं. तीन निसटले की खेळ संपला. सगळी चित्रं नुसती काळी, सावलीसारखी, त्यामुळे पडतंय ते नेमकं काय आहे हे कळत नसे. मी त्यांना सफरचंदं म्हणत होते. सोबतच्या कागदावर सगळं जपानीत लिहिलेलं, म्हणून कोणी मला खोटं पाडू शकत नव्हतं. कोपऱ्यात एक घड्याळही होतं आणि त्याला गजर होता.

गेम मला मिळाला, पण त्याचं खोकं नाही मिळालं.

बाबा कारखान्यात स्टोअरकीपर होते. नट, बोल्ट, बेअरिंग, ग्रीसचे डबे, सगळं आपापल्या खोक्यात आणि आपापल्या फळीवर असलं की त्यांना शांत झोप लागायची. घरीही तोच कायदा होता. नवीन वस्तू आली की बाबा ब्लेडने चिकटपट्टी कापायचे, वस्तू आईच्या हातात द्यायचे आणि मग खरं काम सुरू करायचे. थर्माकोल होता तसा बसवायचा, कागद घडीवर घडी घालून ठेवायचा, खोकं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वरून चिठ्ठी लावायची आणि माळ्यावर चढवायचं. नाशकात इंदिरानगरच्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये न्हाणीघरावर एक माळा होता आणि तो निव्वळ रिकाम्या खोक्यांनी भरला होता. मिक्सरचं, इस्त्रीचं, भिंतीवरच्या घड्याळाचं, माझ्या पहिल्या वॉटरबॅगचंसुद्धा.

दर दिवाळीला साफसफाईच्या वेळी आई स्टुलावर चढून वर बघायची.

"हे इस्त्रीचं खोकं टाकते मी."

"गॅरंटीचं काम पडलं तर?"

"अहो, इस्त्री जळून चार वर्षं झाली. आता ही दुसरी इस्त्री आहे."

"मग तर ते खोकं जास्तच जपायला हवं," बाबा म्हणायचे. आई स्टुलावरून उतरायची आणि खोकं वरच राहायचं.

मी पाचवीत असताना देवळ्याची आत्या आमच्याकडे दातांच्या कामासाठी आली. ही बाबांची धाकटी बहीण. लहानपण निफाडजवळच्या खेड्यात गेलं आणि देवळ्याला कांद्याच्या व्यापाऱ्याच्या घरी दिली. आत्याचा आवाज खळ्यातून रस्त्यापर्यंत जायचा आणि तिचं बोलणं सकाळी चहाबरोबर सुरू व्हायचं ते रात्री दिवा मालवेपर्यंत. दाढेच्या कामाला चार खेपा लागणार होत्या. पहिल्याच दिवशी गाल टम्म सुजला आणि डॉक्टरांनी तोंड हलवायला बंदी केली. आत्याला एवढी मोठी शिक्षा आयुष्यात कोणी दिली नसेल. ती खिडकीपाशी गालाला रुमाल बांधून बसली आणि डोळ्यांतून टपटप पाणी गाळू लागली. मला वाईट वाटलं. मी तिच्या हातात गेम दिला आणि बटणं दाखवली.

त्या चार दिवसांत आमच्या घरात फक्त टिक टिक टिक एवढाच आवाज होता. आत्या जेवायलाही उठत नव्हती. तसंही पेजच प्यायची होती, ती एका हाताने पिता येत होती. चौथ्या दिवशी गाल उतरला, बोलायची परवानगी मिळाली. तिचं पहिलं वाक्य होतं, "हे कांदे हैत."

"सफरचंदं आहेत," मी म्हणाले.

"सफरचंद असं पडतं होय? कांदाच हाय तो. शेंडा बघ की वरती."

जाताना गेम तिच्या पिशवीत गेला. मी तोंड उघडण्याआधीच ती म्हणाली, "दोन दिवसांसाठी नेते गं. दाढ परत ठणकली तर काय करू मी?" बाबांना बहिणीला नाही म्हणता येत नव्हतं. मी आठवडाभर रडले. पुढच्या रविवारी देवळ्याहून ट्रकबरोबर कांद्याची एक गोणी आली, माझ्या नावाने. वर्गातल्या मुलींना मी हे सांगितलं नाही.

दोन दिवसांची नऊ वर्षं झाली.

मी कॉलेजात गेले तोवर नाशकात ठिकठिकाणी सायबर कॅफे निघाले होते. एका दुपारी मैत्रिणीला परदेशातल्या कॉलेजांची माहिती शोधायची होती आणि मी शेजारच्या खुर्चीवर रिकामी बसले होते. सहज गंमत म्हणून आठवेल तसं त्या गेमचं वर्णन इंग्रजीत लिहिलं. पान हळूहळू, वरून खाली उलगडत गेलं. आधी टोपी दिसली, मग माणूस, मग झाड. परदेशातल्या कोणीतरी आपला गेम विकायला काढला होता. खाली जी किंमत होती ती मी मनात रुपयांत करून पाहिली, चुकलं असेल म्हणून पुन्हा केली. तेवढ्यात आमच्याकडे नवीन फ्रिज आला असता आणि वर स्टॅबिलायझर.

पण त्यात एक मेख होती. नुसत्या गेमला त्यातली थोडीच किंमत होती. तो मूळ खोक्यासकट, आतल्या कागदासकट असेल तरच हा भाव. तिथे लिहिलं होतं, 'मिंट कंडिशन'.

घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा आई भाजी निवडत होती आणि बाबा पेपर वाचत होते.

"मिंट म्हणजे पेपरमिंट ना?" आई म्हणाली.

"मिंट म्हणजे टांकसाळ," बाबा म्हणाले. "नाण्यासारखं कोरं करकरीत. टांकसाळीतून आत्ताच बाहेर पडल्यासारखं." मग त्यांनी पेपर घडी घालून ठेवला, स्टूल घेतलं आणि न्हाणीघराकडे गेले. पाच मिनिटांनी ते हातात प्लॅस्टिकची पिशवी घेऊन उतरले. चिठ्ठीवर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'व्हिडिओ गेम, खोके, १ नग, थर्माकोलसह'. खोकं उघडलं तेव्हा आतून कोऱ्या वस्तूचा वास आला. जपानी कागद घडीत होता. कोपरे टोकदार होते.

बाबा आईकडे बघत राहिले. वीस वर्षांची भांडणं त्या बघण्यात होती. आईने मान खाली घातली आणि मेथी निवडायला लागली.

पुढच्या आठवड्यात मी इंटरनेटवरच्या एका चर्चेत पुण्यातला एक संग्राहक शोधून काढला. त्याला ईमेल केला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, त्यात चौदा प्रश्न होते. खोक्याच्या झाकणाला घडी पडली आहे का? रंग उडाला आहे का? कागदाला टाचणीचं भोक आहे का? गेमच्या मागचं सेलचं झाकण मूळचं आहे का? बाबांनी खोक्याबद्दलच्या प्रश्नांना अशी उत्तरं लिहून दिली की वाचून त्या माणसाने कळवलं, रविवारी स्वतः येतो. गेमबद्दलच्या प्रश्नांपुढे बाबांनी 'वस्तू देवळा येथे' असं लिहिलं होतं.

तेव्हा शनिवारी बाबा आणि मी एसटीने देवळ्याला गेलो.

आत्या ओसरीत कांद्याच्या ढिगापाशी बसली होती. भोवती बायका कांदे निवडत होत्या आणि आत्या देखरेख करत होती, म्हणजे गेम खेळत होती. आम्हाला बघून तिने मान हलवली, "बसा, एवढा डाव होऊ द्या," म्हणाली. डाव संपायला पाऊण तास लागला. पडद्यावरचा आकडा नऊशे नव्व्याण्णवला पोचला की पुन्हा शून्यावर येत असे. असा तो किती वेळा फिरवला त्याच्या रेघा तिने कोळशाने स्वैपाकघराच्या भिंतीवर ओढल्या होत्या. भिंत भरत आली होती.

आत्याच्या सासूबाई खाटेवर बसल्या होत्या. त्यांनी मला हळूच अहिराणीत विचारलं, "ते काय शे, बाई? माले ते कधी समजनं नही." मी म्हटलं, आजी, ते सफरचंद झेलायचं यंत्र आहे. "कांदा," आत्या आतून ओरडली.

बाबांनी विषय काढला. परदेशात किती मागणी आहे, खोकं कसं जपलंय, माणूस उद्या येतोय.

"आणि मग वेळ कशात बघू मी?" आत्या म्हणाली.

"भिंतीवर घड्याळ आहे की."

"ते बंद हाय. हा गेम आल्यापास्नं त्याला सेलच नाय घातला. दादा, म्हशी याच्या गजरावर उठतात."

"म्हशी?"

"आधी मी उठते, मग त्या. एकच झालं."

बराच वेळ असंच चाललं. आत्याचे यजमान, ज्यांना मी मामा म्हणते, ते मधे येऊन गेले आणि बाबांच्या कानात म्हणाले, "घेऊन जा भाऊ, लय उपकार होतील." शेवटी आत्या एका अटीवर तयार झाली. गेम नुसता दाखवायचा, आणि तो एकटा जाणार नाही. तिने गेम रुमालात बांधला, पदराच्या आत खोचला आणि आमच्याबरोबर नाशिकच्या गाडीत बसली. वाटेत दोनदा तिने गाठ सोडून तो आहे ना हे पाहिलं. दुसऱ्यांदा सोडली ती सोडलीच. नाशकात सीबीएस स्टँडला उतरेपर्यंत टिक टिक चालू होतं.

संग्राहक म्हणजे मी कोणी चष्मेवाले आजोबा समजत होते. रविवारी सकाळी दारात तिशीतला एक सडपातळ माणूस उभा राहिला, इस्त्रीचा शर्ट, पाठीला सॅक. बसल्यावर त्याने सॅकमधून पांढरे सुती हातमोजे काढले आणि दोन्ही हातांत चढवले. आईने पोह्यांची बशी आणली होती ती तशीच धरून ठेवली.

"हातांना काही झालंय का?" तिने काळजीने विचारलं.

"नाही काकू. घामाने खोक्याचा रंग जातो."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. आपल्या भाषेत बोलणारा माणूस परक्या मुलखात अचानक भेटावा तसा त्यांचा चेहरा झाला.

त्याने खोकं हातात घेतलं. सहा बाजू पाहिल्या. झाकण दोन बोटांनी अलगद उघडलं. थर्माकोलवरून त्याने बोट फिरवलं, कागद उलगडला नाही, नुसता घडीतून आत डोकावला. "काका," तो म्हणाला, "असं खोकं मी फक्त फोटोत पाहिलंय." बाबांनी पोहे खायला सुरुवात केली. त्यांना एकदम भूक लागली असावी.

"आणि गेम?"

आत्याने रुमालाची गाठ सोडली.

त्याने गेम घेतला आणि उलटसुलट करून पाहिला. उजवं बटण जाऊन तिथे शर्टाचं निळं बटण चिकटवलेलं होतं. मागे सेलच्या झाकणाच्या जागी स्लिपरच्या रबराचा तुकडा बसवून वर डॉक्टरी पट्टी लावली होती. चंदेरी पत्र्यावर हळदीच्या अंगठ्यांचे ठसे होते. त्याने खिशातून भिंग काढलं.

"पडद्याच्या आत हे लाल काय आहे?"

"कुंकू," आत्या म्हणाली.

"आत?"

"दसऱ्याला पूजा करतो ना हत्यारांची. विळा, तराजू, वजनं आणि हा. एका सालाला कुंकू जास्त पडलं."

"आणि हा चरा?"

"तो म्हशीनं चाटला तेव्हा. चरा नाय तो, डाग हाय. पुसला की जातो थोडा."

संग्राहकाने भिंग खाली ठेवलं. अगदी हळू आवाजात, दवाखान्यात सांगतात तसं त्याने सांगितलं की संग्रहाच्या दृष्टीने गेमला आता किंमत नाही. पण रिकामं खोकं तो एकटं घ्यायला तयार आहे, आणि त्याने जो आकडा सांगितला तो ऐकून आईच्या हातातला चमचा बशीत पडला. फ्रिज नाही, पण वॉशिंग मशीनच्या जवळ जात होता.

"वस्तू फुकट आणि पुठ्ठा महाग?" आत्याने विचारलं.

"हो. कारण खोकं कोणी ठेवत नाही ना."

"आमच्याकडे इस्त्रीचं पण आहे," आई म्हणाली. वीस वर्षांत पहिल्यांदाच मी तिला माळ्याबद्दल अभिमानाने बोलताना ऐकलं.

मग गप्पा निघाल्या. त्याच्याकडे असे चाळीसेक गेम होते. सगळे खोक्यांत, खोकी पारदर्शक पेट्यांत, पेट्या काचेच्या कपाटात. आत्या कौतुकाने ऐकत होती.

"मग सगळ्यात जास्त किती केलेत तुम्ही?"

"म्हणजे?"

"आकडा. नऊशे नव्व्याण्णव किती डाव?"

तो थोडा घुटमळला. "मी खेळत नाही, आत्या. सेल घातला की आत खराब होऊ शकतं. बटणांवर डाग पडतात."

"एकदा पण नाय खेळलात?"

"नाही."

"चाळीसपैकी एकपण?"

त्याने मान हलवली. आत्याचा चेहरा असा झाला की जणू त्याने घरात चाळीस माणसं उपाशी ठेवली होती. तिने गेम त्याच्या हातात दिला. "हा खराबच हाय. याला काय होणार? धरा. आधी ते मोजे काढा."

त्याने मोजे काढले. पहिला डाव अकरावर संपला. दुसरा सातवर. "डावीकडं बघू नका," आत्या त्याच्या खांद्यावरून वाकून सांगत होती, "आवाज ऐका. टिक जाड आला की उजवा कांदा."

"कांदा नाही, आत्या," तो नजर न हलवता म्हणाला, "ते कंदील आहेत. जत्रेतले कागदी कंदील. खोक्यावर जपानीत लिहिलंय."

नऊ वर्षांचा वाद होता, मी आत्याकडे पाहिलं.

"झाडाला कंदील कोण लावतं?" आत्या म्हणाली. "जपान्यांनी कांदा बघितला नसंल."

तो दुपारी दोनपर्यंत खेळत बसला. आईने पोहे तीनदा गरम केले. शेवटच्या डावात एकशे चाळीसवर गेला तेव्हा त्याने मूठ वळून हवेत हलवली आणि लगेच आम्ही बघतोय हे लक्षात येऊन खाली घेतली. त्याच्या अंगठ्यावर हळदीचा डाग पडला होता. तो त्याने पुसला नाही. मग बाबा त्याला माळा दाखवायला घेऊन गेले. स्टूल एकच होतं म्हणून दोघं आळीपाळीने चढत होते, आणि वरून "अरे वा, थर्माकोलसकट," "चिठ्ठीवर तारीख टाकत जा काका," असे आवाज येत होते.

खोकं द्यायची वेळ आली तेव्हा बाबा अडले. म्हणाले, "ठेवणार कशात?"

"मापाची पेटी करून घेईन, काका. उन्हापासून लांब."

"आणि थर्माकोल?"

"आहे तसाच."

बाबांनी खोकं प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं, चिठ्ठी सरळ केली आणि त्याच्या हातात दिलं. तो गेल्यावर संध्याकाळपर्यंत ते दोनदा स्टुलावर चढून माळ्यात डोकावून आले. आईने त्यांना चहात साखर नेहमीपेक्षा जास्त दिली. वॉशिंग मशीन महिन्याभरात आलं. आमच्या इमारतीत ते तिसरं होतं आणि आईने पहिल्या दिवशी धुतलेलेच कपडे परत धुतले.

गेम आत्याबरोबर देवळ्याला परत गेला आणि आणखी दोन उन्हाळे चालला. दुसऱ्या मे महिन्यात ती तो पत्र्याच्या छपरावर पापडांशेजारी विसरली. संध्याकाळी पाहिलं तर पडदा शाईसारखा काळा पडला होता. आत माणूस होता, टोपली होती, टिक टिक चालू होतं, पण दिसत काही नव्हतं. आत्याने नुसत्या आवाजावर तीन दिवस खेळून पाहिलं. मग तिचा फोन आला. "गेला बरं का तो," म्हणाली, आणि पुढे हवापाण्याचं बोलत राहिली. मी पुण्याला कळवलं. संग्राहकाचं उत्तर दोन ओळींचं होतं, त्यातली एक ओळ नुसती 'अरेरे' अशी होती.

त्याच वर्षी मामांनी धंद्यासाठी मोबाइल घेतला. लासलगावचे, मालेगावचे व्यापारी दिवसभर त्यावर भाव विचारायचे. पहिल्या आठवड्यात आत्याला त्यात सापाचा खेळ सापडला. तुकडे खात लांब लांब होत जाणारा तो साप तिला इतका आवडला की फोन वाजला की ती तो कापून टाकायची, कारण फोन आला की साप थांबायचा. मामा बाजारातून घरी यायचे तेव्हा ओट्यावर तीन व्यापारी प्रत्यक्ष बसलेले असायचे.

एकदा मामा नाशकात आले आणि बाबांना म्हणाले, "भाऊ, तुमच्या बहिणीला समजवा जरा." बाबांनी देवळ्याला आत्याकडेच राहिलेल्या त्या मोबाइलवर फोन लावला. तो लगेच कापला गेला. पुन्हा लावला, पुन्हा कापला गेला. मामा थोडा वेळ बसले, चहा प्यायले आणि संध्याकाळी मेन रोडवरून स्वतःसाठी दुसरा मोबाइल घेऊन गेले.